फासा पडल्यावर मूल काय म्हणतं?

सापशिडीच्या पटावर एका मुलीची सोंगटी ४७ वर उभी आहे. तिने फासा टाकला, तीन पडले. आता सोंगटी पुढे नेताना ती दोनपैकी एका तऱ्हेने मोजेल. 'एक, दोन, तीन' म्हणत ५० वर जाईल, नाहीतर 'अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास' म्हणत जाईल. बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. पट तोच, फासा तोच, भिडूंचा आरडाओरडाही तेवढाच. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर या अमेरिकी संशोधकांनी शंभरपर्यंतच्या पटावर बालवर्गातल्या मुलांना या दोन्ही तऱ्हांनी खेळवून पाहिलं. घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांची संख्यांची जाण चांगली सुधारली. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

'हसत-खेळत शिक्षण' हे शब्द आता शाळेच्या भिंतीवर, शासन निर्णयात आणि प्रशिक्षणाच्या फलकावर सगळीकडे आहेत. त्याला विरोध कोणाचाच नाही, त्यामुळे त्याची तपासणीही फारशी होत नाही. मुलं खेळली म्हणजे शिकली, असं धरून चाललं जातं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला पुरावा याहून कडक गोष्ट सांगतो. खेळाचा नियम मुलाला जे करायला भाग पाडतो ते मूल शिकतं. त्यापलीकडचं आपोआप येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळा आणि अंगणवाड्या समोर ठेवून हा सगळा प्रश्न तपासायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मोकळा खेळ, आखलेला खेळ

भातुकली मांडणाऱ्या, मातीत रस्ते काढणाऱ्या मुलांचा खेळ मोकळा असतो. नियम त्यांचेच, ते वाटेत बदलतात, आणि त्यात मोठ्या माणसाचं काही काम नसतं. दुसऱ्या टोकाला फळ्यासमोरचं शिकवणं. या दोहोंच्या मध्ये आखलेला खेळ येतो. साहित्य आणि नियम मोठ्यांनी हेतू धरून ठरवलेले असतात; चाल, चूक आणि निर्णय मात्र मुलाचे. बाई शेजारी बसतात, पण उत्तर सांगत नाहीत. 'आता किती पडले तर तुला शिडी मिळेल?' एवढंच विचारतात.

कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ या मानसशास्त्रज्ञांनी या मधल्या वाटेवर बराच अभ्यास केला आहे. २०२२ साली 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात अशा ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख, आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर वळण्याची क्षमता, या तिन्हींत असा मार्गदर्शित, म्हणजे आखलेला, खेळ थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. इतर बाबतीत दोहोंत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे खेळाने नुकसान होत नाही, काही ठिकाणी चांगला फायदा होतो आणि बाकीच्या ठिकाणी तो शिकवण्याइतकाच चालतो. उत्साही प्रशिक्षणात सांगतात तेवढा तो रामबाण नाही, आणि साशंक पालकांना वाटतो तसा वेळेचा अपव्ययही नाही.

जुना वारसा

सापशिडीचा पूर्वज म्हणून ओळखला जाणारा मोक्षपट महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच जिल्ह्यातलं. हाती असलेले पट ज्ञानेश्वरांच्या काळानंतरचे आहेत. ज्ञानचौपड या नावाने असेच पट देशात इतरत्र, जैन आणि वैष्णव अशा दोन्ही परंपरांत सापडतात. तेव्हा कर्तृत्वाचा दावा श्रद्धेच्या खात्यात ठेवावा. पटाची रचना मात्र बघण्यासारखी आहे. घराघरात गुण आणि दोष लिहिलेले, गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दोषाच्या घरातला साप खाली आणतो. आपण वर का गेलो आणि खाली का आलो याचं कारण त्या घरातच वाचायला मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात गेला. पुढे घरांतली शिकवण पुसत गेली आणि आकडे तेवढे उरले. आज तोच पट अंकगणितासाठी वापरताना आकड्यांनी तरी काम केलं पाहिजे.

आधुनिक बालशिक्षणात खेळ आला तो फ्रोबेलकडून. जर्मनीत १८३७ साली त्याने बालोद्यानाची सुरुवात केली. पंडिता रमाबाईंनी १८८६ च्या सुमारास फिलाडेल्फियात या पद्धतीचं शिक्षण घेतलं आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. पण या विचाराला खऱ्या अर्थाने गावाची माती लागली ती ताराबाई मोडकांमुळे. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं. त्याऐवजी शिंपले, बिया, पानं, गारगोट्या आल्या. वस्तू बदलल्या, लहान-मोठं लावणं, जोड्या जुळवणं, रांग पुरी करणं ही कामं तीच राहिली. आखलेल्या खेळाचं मर्म ताराबाईंनी अचूक धरलं होतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्यातून त्यांची अंगणवाडी पुढे देशभर पोचली. १९८२ साली अनुताई आणि रमेश पानसे यांनी सुरू केलेली ग्राममंगल ही संस्था, २००७ पासून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्था आणि तिचा 'पालवी' कार्यक्रम, हे याच वाटेवरचे पुढचे टप्पे.

सरकारी धोरणही आता तिथे पोचलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा मानला. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं, २०२२ साली पायाभूत टप्प्याचा आराखडा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' ही खेळसाहित्याची पेटी आली. राज्यात अंगणवाडीसाठी 'आकार', पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी 'पहिले पाऊल', आणि २०२४ पासून 'आनंददायी शनिवार'. कागदावर खेळाला एवढी जागा पूर्वी कधीच नव्हती.

खेळातून कागदापर्यंत

पुरावा नेमका काय सांगतो ते पाहायला तीन अभ्यास पुरेत.

पहिला सीग्लर आणि गीता रमाणी यांचा, २००८ चा. गरीब घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एका सरळ रेषेत १ ते १० आकडे असलेल्या पट्टीवर खेळवलं. सगळा मिळून साधारण तासाभराचा खेळ, बस. मुलांची अंकओळख, मोजणी आणि 'कोणता मोठा' हे ओळखणं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकून होतं. तसाच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी घरं वर्तुळात मांडून पाहिली, तर आकडे असूनही सरळ पट्टीएवढा लाभ झाला नाही. संख्या वाढते म्हणजे सोंगटी पुढे सरकते, जास्त अंतर जाते, जास्त वेळ लागतो, हे सरळ पट्टीवर डोळ्यांना आणि हातांना एकदमच कळतं.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांतल्या १५४० मुलांवर तो केला. २०१७ साली 'सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध झाला. मुलं चार महिने गणिताचे खेळ खेळली: ठिपक्यांच्या गटांतला मोठा कोणता, वेगळा आकार कोणता, अशा धाटणीचे. अंदाजाने संख्या आणि आकार ओळखण्याची त्यांची क्षमता वाढली आणि वर्षभराने, मुलं शाळेत गेल्यावरही, ती टिकली. पण शाळेच्या गणितात, म्हणजे अंक आणि चिन्हं वापरून करायच्या गणितात, त्या मुलांना टिकाऊ आघाडी मिळाली नाही. खेळ चांगले होते, मुलं आनंदाने खेळली होती, तरी ठिपक्यांवरून ७ या अंकापर्यंतचा पूल कोणी बांधला नव्हता.

तिसरा २०२५ चा, 'नेचर'मधला. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं पाहिली. भाजीचे अवघड हिशेब ती तोंडी अचूक करत. तसंच साधं गणित कागदावर मांडून दिलं की अडत. शाळेतल्या मुलांचं उलट: कागदावरचं जमे, बाजारातलं जमत नसे.

जिल्ह्यात बाल आनंद मेळावा भरवणाऱ्या प्रत्येक शाळेने हा तिसरा निष्कर्ष वाचावा. मुलं मेथीच्या जुड्या, भेळ, बोरं मांडतात, गावकरी कौतुकाने विकत घेतात, सुटे पैसे परत मिळतात. हे उत्तम आहे. पण मेळाव्यानंतर त्या मुलांनी विक्रीची वही लिहिली का? 'पाचाच्या बारा जुड्या विकल्या' हे ५ × १२ असं मांडलं का? काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात वडिलांबरोबर उभं राहून व्यवहार शिकलेल्या पोराचं डोकं चालतं, यात शंका नाही. ते डोकं आणि वहीतलं गणित एकाच माणसाचं आहे, याची त्या पोराला ओळख करून देणं हे शाळेचं काम.

जिल्ह्याची जमीन

१७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. चौदा तालुके. अकोल्याच्या डोंगरात भाताची खाचरं, प्रवरेच्या काठी ऊस, तर पाथर्डी-जामखेडकडे कोरडवाहू. एकच खेळपेटी सगळीकडे सारखी चालणार नाही, याची कारणं या जमिनीतच आहेत.

अकोले तालुक्यात ठाकर आणि महादेव कोळी घरांतून येणाऱ्या मुलांची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी. पहिलीत त्यांची अडचण बहुधा समजण्याची नसते, ओळखीच्या शब्दांची असते. इथे भाषेचे खेळ घरच्या शब्दांपासून सुरू केले तर मूल बोलतं. कोडं घालायचं, ते घरच्या बोलीत. उत्तर चित्राच्या कार्डावर. मग त्या कार्डाच्या मागे दोन्ही शब्द लिहायचे, घरचा आणि पुस्तकातला. नियमातच दोन्ही भाषांना जागा मिळते.

दुसरं स्थलांतर. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून टोळ्या ऊसतोडीला बाहेर पडतात, त्याच वेळी जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात बाहेरच्या टोळ्या येऊन उतरतात. १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यापासून या जिल्ह्याचं नाव साखरेशी जोडलं गेलं. त्या साखरेमागे कोपीवर, म्हणजे ऊसतोड टोळीच्या झोपडीत, राहणारी मुलंही आहेत. हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड अशा सोयी केल्या गेल्या, तरी बरीच मुलं आईबापांबरोबर जातातच. या मुलांसाठी खेळाचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. पुस्तक उघडायला शिकलेलं माणूस लागतं. शिकलेला खेळ मोठी बहीण धाकट्या भावाशी कोपीवर खेळू शकते. कापडावर काढलेला अंकपट, मूठभर चिंचोके आणि पाठ झालेले चार नियम बोचक्यात मावतात. हंगाम संपवून मूल परतलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी दोन डाव खेळून ते नेमकं कुठे अडतं हे कळतं. चाचणीचा कागद पुढे ठेवला तर ते मूल गप्प बसेल. डावात गप्प बसता येत नाही.

तिसरं, दोनशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या मापाने साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. वाडीवस्तीवर त्या दोघांकडे चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि वरून आलेल्या माहितीचे तक्ते. एका वर्गाला शिकवताना बाकीच्यांनी काय करायचं हा तिथला रोजचा प्रश्न. नीट बसवलेला खेळ इथे खराखुरा आधार होतो. पण इथेच एक पेच आहे. संशोधन म्हणतं, शेजारी प्रश्न विचारणारं मोठं माणूस असेल तर खेळाचा फायदा वाढतो. आणि शाळेत नेमकं तेच माणूस कमी. यावर व्यवहार्य तोड म्हणजे चौथीचं मूल. त्याला खेळ शिकवताना दोन ठरलेले प्रश्नही शिकवायचे: 'आता तू कुठे आहेस?' आणि 'किती पडले तर जिंकशील?' उत्तर सांगायचं नाही, विचारायचं. विचारणाऱ्या मुलाचंही गणित त्यात पक्कं होतं.

चौथं, परीक्षेची ओढ. गावात शाळेची पत शिष्यवृत्तीच्या यादीवर आणि टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयात किती मुलं लागली यावर ठरते. त्यामुळे तिसरीपासून खेळ मागे पडतो आणि सराव प्रश्नसंच पुढे येतात. पण 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच वजाबाकी करता येत होती. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, त्या तिसरी-चौथीतून आपण खेळ काढून घेतो आणि तो बालवाडीपुरता ठेवतो.

कोणता खेळ काय करायला लावतो

संख्यांपासून सुरुवात करू. बाजारात मिळणाऱ्या सापशिडीच्या पटावर आकडे नागमोडी जातात: एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. सोंगटी न उचलता चालत राहावी म्हणून ही सोय. पण त्यामुळे २४ च्या वर ३४ येत नाही, ३७ येतो, आणि दहादहाने वाढणाऱ्या संख्यांचा उभा क्रम हरवतो. शाळेने स्वतः पट काढावा, प्रत्येक ओळ डावीकडून सुरू करावी. मग 'दहा पुढे' म्हणजे 'एक घर वर' हे मुलं आपणच शोधतात. घरावरचा आकडा मोठ्याने म्हणण्याचा नियम मराठीत दुप्पट कामाचा आहे, कारण अठ्ठेचाळीस म्हणताना आठ आधी आणि लिहिताना चार आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा राज्यभर वाद झाला. वादात कोणाची बाजू बरोबर हे बाजूला ठेवू. अडचण खरी आहे, आणि आकडा पाहत त्याचं नाव घेण्याचा भरपूर सराव हा तिच्यावरचा बिनवादाचा उपाय आहे.

फासाही बदलून बघावा. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळी. असे चार टाकले की चारचे सगळे भाग समोर येतात: तीन आणि एक, दोन आणि दोन, चार आणि शून्य. प्रत्येक फेकीची पाटीवर रेघ मारली, तर दोन-दोन वारंवार पडतात आणि चारही पांढरे क्वचित, हे दुसरीचं मूलही सांगू लागतं. पुढे वरच्या इयत्तांत संभाव्यता येते तेव्हा ती अनोळखी वाटत नाही.

राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांना आपण पावसाळी दिवसांचा टाइमपास समजतो. राजाला हजार, चोराला शून्य, मधल्यांचे गुण गावागणिक वेगळे. दर डावानंतर हे गुण कागदावर लिहावे लागतात, शेवटी बेरीज मांडावी लागते आणि चार भिडूंपैकी कोणी चुकलं तर बाकीचे तीन सोडत नाहीत. दिल्लीच्या अभ्यासात जो पूल नव्हता तो या खेळात आधीपासूनच बांधलेला आहे. फक्त गुणफलक बाईंनी लिहायचा नाही, मुलांनी लिहायचा.

भाषेत भेंड्यांना तोड नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने वेगळं काढायचं आणि त्यावरून नवा शब्द आठवायचा, हे वाचनाच्या तयारीचं अस्सल काम. खेळता खेळता कोणावर तरी 'ळ' किंवा 'ण' येतो आणि डाव अडतो. मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही हे मुलांना व्याकरणाच्या तासाआधी कळतं, आणि अशा वेळी काय करायचं याचा नियमही तीच ठरवतात. नाव-गाव-फळ-फूल तर लिहूनच खेळायचा खेळ. त्यात 'नदी' आणि 'पीक' असे दोन रकाने वाढवले की प्रवरा, मुळा, सीना, घोड आपोआप वहीत उतरतात.

सापशिडीत मुलाला निवडच नसते; फासा नेईल तिकडे जायचं. म्हणून ती मोजायला शिकवते, विचार करायला शिकवत नाही. त्यासाठी वाघबकरी आणि नवकाकरी. वाघाने झडप कुठे घालायची, बकऱ्यांनी एकमेकींना कसं सांभाळायचं, हे दोन चाली पुढचं बघितल्याशिवाय जमत नाही. फरशीवर खडूने आखलं की पट तयार. इथे बाईंचा प्रश्न एकच: 'ही चाल का केलीस?' कारण सांगता येणं ही या खेळाची खरी कमाई.

मैदानातले खेळ, म्हणजे लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, इथे थोडक्यात आटोपतो. त्यांचं मोल शरीरासाठी, सवंगड्यांबरोबर राहण्यासाठी, नियम पाळण्यासाठी आहे आणि ते स्वयंपूर्ण आहे. लंगडीच्या घरांत पाढे लिहिले म्हणून पाढे पाठ होतात असं नाही. उडी मारताना मूल पाढ्याकडे बघत नाही, रेघेकडे बघतं.

कुठे बिघडतं

पहिला बिघाड बाद होण्याचा. बहुतेक खेळांत चुकलेलं मूल बाहेर बसतं. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत कमी डाव मिळतात, आणि ज्याला सगळं येतं ते शेवटपर्यंत खेळतं. शिकण्याच्या खेळात बाद हा प्रकारच नको. चुकलं तर एक घर मागे, किंवा जोडीदाराला विचारून पुन्हा.

दुसरा संख्येचा. तीस मुलांत एक मोठा रंगीत पट मांडला की फोटो सुंदर येतो. पण तासाभरात प्रत्येक मुलाच्या वाट्याला एखादाच डाव आला, तर शिकणार काय? चार मुलांत एक, असे सात-आठ खडूचे पट दिसायला गबाळे असले तरी कामाचे.

तिसरा कपाटाचा. खेळपेटी आली की ती जडसंग्रह नोंदवहीत चढते. तुटलं, हरवलं तर जबाब शिक्षकाने द्यायचा. मग पेटी कुलपात राहते आणि पाहुणे आले की बाहेर निघते. झिजलेल्या, हरवलेल्या साहित्याला दोष न मानता वापराची खूण मानणारा एक साधा आदेश निघाला, तर नव्या पेट्या घेण्यापेक्षा जास्त फायदा होईल.

चौथा अंगणवाडीचा. सेविकेकडे आहार, वजन-उंची, लसीकरणाची आठवण, गृहभेटी आणि मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. एवढं झाल्यावर शाळापूर्व शिक्षणाला जो वेळ उरतो त्यात बडबडगीतं उरकतात. खेळाच्या दर्जाबद्दल बोलण्याआधी तिच्या वेळेबद्दल बोलायला हवं.

पाचवा पडद्याचा. मोबाइलवरच्या शैक्षणिक खेळांनाही तोच प्रश्न विचारावा: नियम काय करायला लावतो? बऱ्याच खेळांत चार पर्यायांवर बोट दाबत गेलं की कधीतरी बरोबर येतं आणि चांदण्या उडतात. तिथे मूल गणित शिकत नाही, बोट दाबायला शिकतं. उत्तर स्वतः लिहायला लावणारे किंवा चुकीनंतर थांबवून कारण दाखवणारे खेळ वेगळे, पण ते निवडावे लागतात.

आणि पालक. 'शाळेत नुसतं खेळायलाच पाठवायचं का?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शेजारचं इंग्रजी माध्यमाचं मूल चौथ्या वर्षी वही भरून आणत असेल, तर आईला धास्ती वाटणारच. तिला भाषणाने पटत नाही, पाहून पटतं. 'पहिले पाऊल'च्या माता गटांत आया स्वतः मुलांबरोबर बसतात, ही त्या उपक्रमाची सर्वांत शहाणी बाजू आहे. शहरातल्या वस्त्यांमध्ये 'स्नेहालय'सारख्या संस्थेची बालभवनं चालतात, तिथेही पालकांशी ओळख हाच पाया आहे.

मग काय करावं

या सगळ्या आढाव्यातून निघणारं काम मोठ्या खर्चाचं नाही. कोणताही खेळ वर्गात आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक डावात मुलाला काय म्हणावं, करावं किंवा निवडावं लागतं? अर्ध्या तासात प्रत्येक मुलाला किती डाव मिळतात? चुकलेलं मूल पुढच्या मिनिटाला काय करत असतं? आणि खेळ संपल्यावर पाटीवर, वहीत मुलाच्या हातचं काय उरतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिकवायच्या गोष्टीशी जुळत नसेल तर खेळ बदलावा लागत नाही, बहुतेक वेळा एखादा नियम बदलला तरी भागतं. 'एक, दोन, तीन' ऐवजी 'अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास' म्हणायला लावणं, हा असाच बिनखर्ची बदल.

हे ठरवण्याची जागाही आपल्याकडे आहे. केंद्राकेंद्रात शिक्षण परिषदा होतात. त्यात खेळाधारित शिक्षणावर व्याख्यान ठेवण्याऐवजी शिक्षकांनी चौघाचौघांचे गट करून एकेक खेळ खरोखर खेळावा, मग त्याचा एक नियम बदलून पुन्हा खेळावा आणि कोणत्या वेळी डोक्याला जास्त काम पडलं ते बोलावं. अकोल्याच्या शिक्षकांचा निष्कर्ष जामखेडच्या शिक्षकांपेक्षा वेगळा आला तर उत्तमच. त्यांची मुलंही वेगळी आहेत. या चार प्रश्नांना जो खेळ उत्तर देऊ शकत नाही तो तासिकेत घेऊ नये. तो मधल्या सुट्टीत खेळू द्यावा, आणि तिथे त्याला कोणी एकही प्रश्न विचारू नये.